बीडची बातमी होते, बीडची गोष्ट कधी होणार?

आज जिल्हा परिषद नाही, बाजार समिती नाही, पीकविमाही नाही. आज कोरियन मालिकांवर लिहायचंय. हसा खुशाल. "साहेब, इकडं नळाला पाणी नाही अन् तुम्ही कोरियात काय करताय?" ही कमेंट पहिल्या पाच मिनिटांत येणार, मला माहीत आहे. पाण्यावर लिहिलंय, पुन्हा लिहीन. पण पडद्यावर कोण दिसतं, कसं दिसतं आणि कोण कधीच दिसत नाही, हासुद्धा सार्वजनिक प्रश्न आहे. निदान बीड जिल्ह्यासाठी तर आहेच. तेव्हा पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

हे वेड आपल्याकडं आलं कसं ते आधी थोडक्यात. २००६ च्या सुमारास दूरदर्शनवर एक कोरियन मालिका 'घर का चिराग' नावानं हिंदीत लागली होती. फार थोड्यांना आठवत असेल. खरी लाट आली ती मोबाईलचा डेटा स्वस्त झाल्यावर, आणि त्यातही २०२० च्या लॉकडाऊनमध्ये. 'क्रॅश लँडिंग ऑन यू'नं पोरींना वेड लावलं. दक्षिण कोरियातली श्रीमंत घरची बाई वादळात सापडून उत्तर कोरियात जाऊन पडते आणि तिथल्या लष्करी अधिकाऱ्याच्या प्रेमात पडते, अशी ती गोष्ट. त्यातले ह्युन बिन आणि सन ये-जिन यांनी २०२२ मध्ये खरोखरच लग्न केलं. मग २०२१ मध्ये 'स्क्विड गेम' आली आणि पोरंही बघायला लागली. आता हिंदी डबिंग आहे, त्यामुळं अंबाजोगाई, माजलगाव, केज, कुठंही जा, कॉलेजच्या पोरींच्या बोलण्यात 'ओप्पा' येतोच. दुपारी मेथी निवडता निवडता मोबाईल डब्याला टेकवून बघणाऱ्या वहिन्या आणि मावश्याही मी बघितल्यात.

मी स्वतः या फंदात भाचीमुळं पडलो. "मामा, एकच बघा, नाही आवडलं तर सोडून द्या," म्हणाली. तिनं लावून दिलेली मालिका होती 'व्हेन लाईफ गिव्हज यू टँजरिन्स'. मार्च २०२५ मध्ये आली. एकूण सोळा भाग, दर आठवड्याला चार. संपली तेव्हा मला पडलेला प्रश्न असा होता की, ही गोष्ट कोरियाची कशी काय? ही तर आपल्या धारूर-वडवणीच्या डोंगरपट्ट्यातली आहे.

गोष्ट जेजू नावाच्या बेटावरची. राजधानीपासून लांब, दगडधोंड्याचं, वाऱ्याचं बेट. राजेशाहीच्या काळात सरकारला नको असलेल्या माणसांना तिथं हद्दपार करायचे. म्हणजे 'मागास भाग' हा शिक्का तिकडंही होताच. तिथं १९५१ मध्ये जन्मलेली एसुन नावाची मुलगी. तिला शिकायचंय, कवी व्हायचंय. तिची आई ग्वांगरे ही हेन्यो आहे. हेन्यो म्हणजे ऑक्सिजनच्या नळकांड्याशिवाय, छातीत भरून घेतलेल्या श्वासावर समुद्रात बुडी मारून शिंपले-शंख काढणाऱ्या बायका. आज त्यांची परंपरा युनेस्कोच्या वारसा यादीत आहे, २०१६ पासून. पण त्या काळात ते पोटासाठी केलेलं जीवघेणं काम होतं. एसुनची आई या कामानं जडलेल्या आजारात एकोणतिसाव्या वर्षी जाते. हा पहिल्याच भागातला प्रसंग आहे, म्हणून सांगतोय. पुढचं सगळं फोडणार नाही.

दहा वर्षांची एसुन शाळेत एक कविता लिहिते. आई सारखी समुद्रात असते, घरी आली तरी थकलेली असते. पैसे असते तर मी आईचा वेळच विकत घेतला असता, अशी त्या लेकराची तक्रार. आता सांगा, कोयत्यावर गेलेल्या मायची वाट बघत आजीजवळ थांबलेल्या आपल्या गावातल्या कोणत्या लेकराला ही कविता कळणार नाही? दसरा-दिवाळी झाली की आपल्या जिल्ह्यातून लाखोंनी माणसं कारखान्यांच्या रस्त्याला लागतात. पश्चिम महाराष्ट्र, कर्नाटक. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. माणसं दोन, पण हिशेबात कोयता एक. बाई पहाटे तीन-चारला उठून भाकरी थापते, फडात वाढं तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन गाडीत भरते, परत कोपीवर येऊन पाणी-सरपण बघते. उचल मात्र नवऱ्याच्या हातात. आजारी पडली तर खाडा, खाड्याचा दंड, आणि तो उचलीतून कापणार.

आता अभिनयाकडं येतो, कारण मूळ मुद्दा तोच आहे. ही गोष्ट कुणीही रडकी करू शकलं असतं. आई मेली, पोर अनाथ, ढसाढसा रडा आणि मागं व्हायोलिन. यम हे-रान या अभिनेत्रीनं आईचं काम केलंय. 'द ग्लोरी' ज्यांनी बघितली त्यांना त्यातली नवऱ्याचा मार खाणारी बाई आठवेल, तीच ही. तिची ग्वांगरे एकदाही दया मागत नाही. ती शिव्या देते, भांडते, पोरीवर खेकसते. एसुन चुलत्याच्या घरी राहत असते. जेवताना तिथं सगळ्यांच्या पानात मासा पडतो, या पोरीच्या पानात नाही. हे कळल्यावर ग्वांगरे जे करते ते बघताना मला आपल्याकडच्या पाच-सहा बाया डोळ्यांपुढं आल्या. एखादी काकू, एखादी आत्या. तोंडानं फटकळ, हातानं दणकट, अन् लेकरासाठी वाघीण. असल्या बाया आपल्या गावोगाव आहेत. आपल्या मालिकांत त्या फार तर दोन मिनिटांच्या विनोदापुरत्या येतात.

एसुनचं काम तरुणपणी आययूनं केलंय. खरं नाव ली जी-उन, मूळची गायिका. तिनंच पुढं एसुनच्या लेकीचं, गुम-म्योंगचंही काम केलंय. चेहरा एकच, पण एका मिनिटासाठीही घोटाळा होत नाही. आई बडबडी, डोळ्यांत स्वप्नं. लेक शिकलेली, शहरात राहून कोरडी झालेली, आईचा फोन आला की आधी वैतागणारी आणि फोन ठेवल्यावर अपराधी वाटणारी. पुण्यात नोकरीला लागलेल्या आपल्या पोरा-पोरींनी हे नीट बघावं. गावाकडून माय फोनवर विचारते "जेवलास का?" आणि आपण म्हणतो "मीटिंगमध्ये आहे." त्या दोन वाक्यांमधलं सगळं त्या पोरीनं चेहऱ्यावर आणलंय.

म्हातारपणची एसुन मून सो-रीनं केलीय. २००२ मध्ये 'ओएसिस' चित्रपटासाठी व्हेनिसच्या महोत्सवात गौरवलेली ही मोठी अभिनेत्री. पण इथं तिनं आययूची नक्कल केली नाही. तरुणपणीची बडबड तिनं हळूहळू आत मुरवली आहे. हसताना मान जराशी कलते तेव्हा वाटतं, हो, ही तीच पोर, नुसती चाळीस वर्षं राबलेली.

आणि नायक ग्वानशिक. पार्क बो-गम हा तिकडचा देखणा नट, पोरींच्या मोबाईलच्या वॉलपेपरवरचा. इथं त्याला मासे विकणाऱ्या घरचा, पुढं बोटीवर राबणारा, अजिबात न बोलणारा माणूस केलंय. फिल्मी प्रसंग आहेत, नाही असं नाही. एका ठिकाणी तो तिच्यासाठी जहाजावरून समुद्रात उडी मारतो. पण माझ्या लक्षात राहिला तो जेवणाचा प्रसंग. त्याच्या घरी बाप्ये आणि थोरले मुख्य मेजावर जेवतात, बायका बाजूला लहान मेजावर. सून तिकडं, उरलंसुरलं खात. ग्वानशिक वाद घालत नाही, भाषण देत नाही. तो बसल्या जागी नुसता वळतो. घरच्यांकडं पाठ आणि बायकोच्या मेजाकडं तोंड. बस, एवढंच. सगळं घर गप्प होतं.

मी वीस वर्षं महिला दिनाची भाषणं कव्हर करतोय. हार, नारळ, शाल, फोटो. त्या सगळ्या भाषणांत मिळून जेवढं सांगितलं गेलं नसेल तेवढं त्या वळण्यात आहे. आजही आपल्या कितीतरी घरांत बाप्यांच्या पंगती उठल्याशिवाय बाया बसत नाहीत. शिकलेल्या घरांत सुद्धा. अशा घरातला एखादा तरुण ते दृश्य बघून एक दिवस ताट उचलून स्वयंपाकघरात जाऊन बसला, तर कोणत्याही शासकीय योजनेपेक्षा मोठं काम झालं म्हणायचं.

म्हाताऱ्या ग्वानशिकचं काम करणारा पार्क हे-जून २०२० मध्ये 'द वर्ल्ड ऑफ द मॅरिड'मध्ये बायकोला फसवणारा नवरा होता. तिकडं लोकांनी त्याला लई शिव्या घातल्या होत्या. तोच माणूस इथं लेकीसाठी राहतं घर विकणारा बाप झालाय. खांदे पडलेले, हात जाड झालेले. आपल्याकडं लेकीच्या लग्नासाठी जमीन विकलेले बाप ढीगभर दाखवता येतील. लेकीच्या शिक्षणासाठी विकलेलेही आहेत, पण त्यांची गोष्ट कुणी सांगत नाही.

मालिकेचं मूळ कोरियन नाव जेजूच्या बोलीत आहे. अर्थ साधारण असा, 'लई कष्ट घेतलेत हो तुम्ही'. गंमत म्हणजे सोलच्या प्रमाण भाषेत ते ऐकलं तर 'पार फसलात' असं वाटतं. एका मागास म्हटल्या गेलेल्या बेटाची बोली थेट मालिकेच्या नावावर. २०२२ च्या 'अवर ब्लूज' या मालिकेतही जेजूचीच माणसं आहेत. तिथं बोली इतकी अस्सल ठेवली की खुद्द कोरियातल्या प्रेक्षकांसाठी खाली प्रमाण भाषेत अक्षरं द्यावी लागली. त्यात ली ब्युंग-हुनसारखा सुपरस्टार ट्रकमधून गावोगाव माल विकणारा झालाय, आणि किम हे-जा ही ऐंशी वर्षांची अभिनेत्री त्याची निरक्षर आई. माय-लेकाचं भांडण बोलीत, समेटही बोलीत.

आपल्या बोलीचं काय? मकरंद अनासपुरे यांनी मराठवाडी बोलीला पडद्यावर नायकाची जागा मिळवून दिली, हे कुणी नाकारू नये. आपल्या माजलगावचे संदीप पाठक यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला' नव्यानं उभं करून गावोगावी लोकांना हसवलं. पण बोली हसवायलाच वापरायची, ही सवय काही गेली नाही. मालिकेत 'काय करायलास' म्हणणारा माणूस आला की समजायचं, आता विनोद होणार. त्याच बोलीत आपल्याकडं माणसं कर्ज मागतात, लेकीला सासरी पाठवतात, मयताला रडतात. हे पडद्यावर का येत नाही?

येऊ शकतं, याचा पुरावा आहे. साखरेच्या राजकारणावर 'सामना' १९७४ मध्येच झाला. तेंडुलकरांचं लेखन, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, निळू फुले आणि डॉ. लागू समोरासमोर. त्यातला हिंदुराव बघून आजही माणसं आपापल्या तालुक्यातल्या पुढाऱ्याचं नाव घेतात. २०१६ च्या 'सैराट'मध्ये अकलूजच्या रिंकू राजगुरूनं तिकडच्याच बोलीत आर्ची उभी केली. बुलेट चालवणारी, ट्रॅक्टर चालवणारी. कुणाला ती बोली गावंढळ वाटली? अख्ख्या महाराष्ट्रानं उचलून धरली. म्हणजे प्रेक्षक तयार आहे, नट तयार आहेत. लिहिणारे कमी पडतात आणि पैसे लावणारे घाबरतात.

आणि आपल्या मालिका लांबवायच्या किती! 'चार दिवस सासूचे' अकरा वर्षं चालली, तीन हजारांवर भाग. नाव चार दिवसांचं होतं बरं का. त्यातल्या कलाकारांचा दोष नाही, रोहिणी हट्टंगडींसारखी ताकदीची अभिनेत्री होती त्यात. पण रोज एक भाग द्यायचा म्हटल्यावर नटाला भूमिका वाढवायला जागाच राहत नाही. कोरियात बहुतेक मालिका सोळा भागांच्या आसपास संपतात. लिहिणारा बऱ्याचदा एकच असतो, आणि त्यांत बायकांचं प्रमाण मोठं आहे. शेवट कुठं करायचा हे सुरुवातीला ठरलेलं असतं. त्यामुळं पहिल्या भागातलं एखादं बारीक हसू सोळाव्या भागात परत आणता येतं.

याच आययूची 'माय मिस्टर' ही २०१८ ची मालिका. दिग्दर्शक तोच, किम वॉन-सक. त्यात ती कर्ज फेडणारी, ऑफिसातल्या कॉफीच्या पुड्या उचलून नेऊन त्यावर रात्र काढणारी पोर आहे. जवळपास पूर्ण मालिकाभर ती हसत नाही. कर्जानं माणसाचा चेहरा कसा होतो, हे बघायचं तर ती बघा. मुकादमाच्या उचलीत अडकलेल्या घरातल्या पोरीचा चेहरा वेगळा नसतो.

'एक्स्ट्राऑर्डिनरी अटर्नी वू' (२०२२) मध्ये पार्क उन-बिननं स्वमग्न वकील मुलीचं काम केलंय. त्यातल्या दोन भागांत एका गावातून रस्ता जाणार असतो आणि गावातलं जुनं झाड जाणार असतं. गाव कोर्टात जातं. मालिका एवढी गाजली की ज्या खऱ्या झाडावर चित्रीकरण झालं, त्याला त्याच वर्षी सरकारनं नैसर्गिक वारसा म्हणून संरक्षण दिलं. हे वाचून मला पालवण आठवलं. फेब्रुवारी २०२० मध्ये बीडजवळच्या त्या माळावर वृक्षसंमेलन भरलं होतं, सयाजी शिंदेंच्या सह्याद्री देवराईच्या पुढाकारानं. संमेलनाचा अध्यक्ष होता वड. झाड अध्यक्ष असलेलं संमेलन भरवणारा जिल्हा हा! यावर दोन भाग कुणाला सुचू नयेत?

आता 'टँजरिन्स'मधली शेवटची गोष्ट, मग मुद्द्यावर येतो. लहानपणी एसुनला वर्गात सगळ्यात जास्त मतं पडतात, पण मॉनिटर होतो पैसेवाल्याचा पोरगा. तिला उपमॉनिटर करतात. पुढं कित्येक वर्षांनी तीच बाई गावच्या मच्छीमार संस्थेच्या प्रमुखपदाची निवडणूक लढवते. आपल्याकडं २०११ पासून पंचायतीत निम्म्या जागा बायकांना आहेत. मी कितीतरी सरपंच बायांना भेटायला गेलोय आणि उत्तरं सरपंचपतींची ऐकून आलोय. पण अशाही बाया बघितल्यात, ज्या पहिल्या वर्षी डोक्यावरचा पदर सावरत गप्प बसल्या आणि तिसऱ्या वर्षी ग्रामसेवकाला रजिस्टर उघडायला लावलं. पहिलं वर्ष ते तिसरं वर्ष या मधल्या काळात त्या बाईच्या आत काय झालं? बातमीत ते मावत नाही. त्याला मालिकाच पाहिजे, आणि मून सो-रीसारखी नटी.

बीडचं नाव टीव्हीवर येत नाही असं नाही. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली आणि त्यानंतर महिनोनमहिने प्रत्येक चॅनलवर बीडच होतं. ती बातमी व्हायलाच हवी होती, लावून धरायलाच हवी होती. त्याआधी २०१९ मध्ये ऊसतोड बायकांच्या गर्भाशयांची बातमी देशभर गेली. सरकारी पाहणीत ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. बालविवाहाचं म्हणाल तर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या जिल्ह्यात विशीतल्या शंभर बायांपैकी चाळीसपेक्षा जास्त जणींची लग्नं अठराच्या आत झालेली दिसली. हे आकडे मी स्वतः किती वेळा छापलेत. लोक वाचतात, च्यक् च्यक् करतात, पुढच्या बातमीवर जातात.

कारण १३,८६१ ला चेहरा नाही. ग्वांगरेला आहे. पुण्या-मुंबईत, अगदी संभाजीनगरातही 'बीडचा' म्हटल्यावर खोली भाड्यानं द्यायला माणसं का-कू करतात, अशा तक्रारी पोरं सांगतात. कारण त्यांना बीडची गुन्ह्याची बातमी माहीत आहे, बीडचा माणूस माहीत नाही. ज्या माणसाची गोष्ट कुणाला ठाऊक नसते, त्याच्यावर अन्याय करणं सोपं असतं. मुकादमाला सोपं, डॉक्टरला सोपं, सरकारला सोपं, अन् घरमालकालाही सोपं.

काही जण म्हणतील, कोरियन मालिका म्हणजे गोड गोड स्वप्न, पोरींची डोकी फिरवतात. यात तथ्य आहेच. गोरीगोमटी माणसं, पावसात छत्री, श्रीमंत वारसदार आणि गरीब पोरगी, असला माल तिकडंही पोत्यानं निघतो. आणि कोरिया हा काही स्वर्ग नाही. बाई-पुरुषांच्या पगारातली तफावत श्रीमंत देशांमध्ये तिथंच सगळ्यात मोठी आहे. जन्मदर २०२३ मध्ये बाईमागं ०.७२ वर आला होता, म्हणजे तरुण पिढीला लेकरं नको झालीत. 'माय मिस्टर'चा नायक ली सन-क्युन डिसेंबर २०२३ मध्ये मृतावस्थेत सापडला. अमली पदार्थांच्या आरोपाखाली चौकशी चालू होती, चाचण्यांत काही निघालं नव्हतं, पण खासगी आयुष्याचे तपशील रोज माध्यमांत फुटत होते. नंतर 'पॅरासाइट'चा दिग्दर्शक बोंग जून-हो आणि इतर कलाकारांनी पुढं येऊन पोलीस आणि माध्यमांना जाब विचारला. यूट्यूब चॅनलचा माईक घेऊन कुणाच्याही दारात उभं राहणाऱ्या आमच्या जमातीनं हे प्रकरण जरूर वाचावं.

पण दोष असूनही त्यांनी एक गोष्ट केली. कलेला उद्योग मानलं. १९९९ मध्ये त्यासाठी कायदा केला, पैसा लावला, लेखक घडवले. त्यांच्या वरच्या माणसांना कळलं की गाडी आणि टीव्ही विकतो तशी गोष्टही विकता येते. २०२३ मध्ये एकट्या नेटफ्लिक्सनं चार वर्षांत अडीच अब्ज डॉलर कोरियन कार्यक्रमांवर लावायचं जाहीर केलं. आपल्याकडं उद्योग म्हटलं की फक्त साखर कारखाना आणि एमआयडीसी.

मग करायचं काय? माझ्या परीनं तीन गोष्टी सांगतो. एक, आपल्या कॉलेजांतल्या पोरांनी युवा महोत्सवात मुंबई-पुण्याच्या एकांकिका उसन्या आणू नयेत. कोपीवर जा, फडावर जा, आठ दिवस राहा, मग लिहा. कसदार नाटक तिथं पडलंय. दोन, ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं महामंडळ आहे, त्यांच्या लेकरांसाठी भगवानबाबांच्या नावानं वसतिगृहं आहेत. त्या वसतिगृहांतल्या लेकरांना वर्षातून एकदा तरी लिहिणाऱ्या-नाटकवाल्या माणसांच्या हाताखाली चार दिवस द्या. त्यातून एखादी तरी एसुन निघेल. तीन, नाट्यगृहं. जिल्ह्यात सभेला मंडप रात्रीत उभा राहतो आणि तालमीला पोरांना खोली मिळत नाही. लोकप्रतिनिधींना हे मागायला आपण शिकलं पाहिजे. रस्ता, पाणी, वीज मागतो तसंच.

आणि वाचणाऱ्या माय-बहिणींना एक विनंती. बघता ना या मालिका, बघा. कुणी नावं ठेवली तर ठेवू द्या. पण बघताना लेकीला, सुनेला जवळ बसवा आणि तुमच्या आईची, आजीची गोष्ट तिला सांगा. कोणत्या साली दुष्काळ होता, रोजगार हमीवर खडी कोण फोडत होतं, शाळा कोणत्या यत्तेत आणि का सुटली. बाहत्तरचा दुष्काळ बघितलेली पिढी आता थोडी राहिलीय. ती गेली की ह्या गोष्टी विचारायलाही कुणी उरणार नाही.

कमेंटमध्ये लिहा. तुमच्या बघण्यात अशी कोणती बाई, कोणता बाप आहे, ज्याच्यावर सोळा भाग व्हावेत? नाव-गाव टाकू नका, त्यांच्या घरच्यांना त्रास नको. नुसतं काम सांगा, कष्ट सांगा. जिल्ह्यात लिहिणारी, नाटक करणारी बरीच पोरं या यादीत आहेत, ती वाचतात. आणि नळाच्या पाण्याची पोस्ट परवाच्याला टाकतो, काळजी नसावी.